हातयंत्राला मोटर, मजुराला जोखीम

जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांची चर्चा निघाली की शहरी वाचकाला प्रथम बिबट्या आठवतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच गोठ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या धोक्याची दखल क्वचितच घेतली जाते. हा धोका म्हणजे मूळच्या हातयंत्राला मोटर जोडून चालविलेली कडबाकुट्टी.

कुकडी प्रकल्पाचे पाणी आणि डिंभे धरण यांमुळे या पट्ट्यात ऊस वाढला, त्याबरोबर दुग्धव्यवसायही. उसाचे वाढे, मका, कडवळ रोज बारीक करून गव्हाणीत टाकावे लागते. एवढी वैरण हाताने कापणे जिकिरीचे असते. तेव्हा दांडा काढायचा, पुली बसवायची आणि पट्ट्याने मोटर जोडायची, हा सोपा मार्ग निघतो. मका सोलण्याच्या छोट्या यंत्राला कोणी विजेचे ड्रिलही लावतो. तत्त्व एकच.

यात कल्पकता आहे, हे मान्यच. मात्र हातयंत्राची सुरक्षितता त्याच्या रचनेत नसते, ती फिरविणाऱ्याच्या हातात असते. काही अडकले की हाताला जाणवते आणि माणूस थांबतो. मोटरला ही जाणीव नाही. माणूस सतत काम करताना साधारण 75 वॅट शक्ती देतो. 2 अश्वशक्तीची मोटर सुमारे 1,500 वॅट, म्हणजे वीस माणसांचे बळ. शिवाय चाकाचा वेग दुप्पट झाला की त्यातील ऊर्जा चौपट होते. म्हणूनच बटण बंद केल्यावरही पाती फिरत राहतात आणि वैरणीबरोबर रुळांत ओढला गेलेला हात सुटत नाही.

कायदा काय म्हणतो? धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा 1983 मध्ये झाला. त्याच्या व्याख्येत नाव आहे ते मळणीयंत्राचे. अन्य यंत्रांसाठी केंद्राची अधिसूचना लागते. त्यातच घरी जोडलेल्या यंत्राला उत्तरदायी असा निर्माताच नसतो.

भरपाईतील तफावत अधिक बोलकी आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात कायमचे अपंगत्व आल्यास राज्य शासनाने 2023 मध्ये साडेसात लाख रुपये ठरविले. शेतातील अपघातात एक हात गमावल्यास गोपीनाथ मुंडे सानुग्रह अनुदान योजनेतून एक लाख मिळतात. तेही खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरते. यंत्रात वैरण सारणारा भूमिहीन मजूर या चौकटीबाहेरच राहतो.

उपाय महागडे नाहीत. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुट्टीयंत्रासाठी पात्यांवर संरक्षक आवरण, हात रुळांपाशी पोहोचण्याआधी सावध करणारा रूळ आणि मुलांना चाक फिरविता येऊ नये म्हणून कुलूप अशा साध्या सुधारणा सुचविल्या होत्या. पट्टा व पुली झाकणे, बटण हाताशी ठेवणे हे तर गावातील फॅब्रिकेशनवालाही करू शकेल.

मोटर जोडू नका, असे कष्टकऱ्याला सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्यांना नाही. मात्र दूध संघांनी आवरणासाठी साहाय्य करावे आणि शासनाने अपघात योजनेत मजुराला सामावून घ्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. सकाळी दारात येणाऱ्या दुधामागे त्या मजुराचेही हात असतात.