ट्रकवरील खोदयंत्र : सोय कोणाची, हिशोब कोणाचा?

अक्षय्य तृतीया उलटली की महाराष्ट्रातील शिवारांत माती उपसण्याच्या कामांना जोर येतो. कोठे शेततळे खोदावयाचे असते, कोठे पाझर तलावातील गाळ काढावयाचा असतो, कोठे नाल्याची वाट मोकळी करावयाची असते. आणि हे सर्व मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी उरकावयाचे असते. एके काळी ही कामे कुदळ, फावडे आणि घमेले यांवर चालत. आता ती यंत्रांवर चालतात. 'जेसीबी' हे इंग्लंडमधील आणि 'पोकलेन' हे फ्रान्समधील कारखान्याचे नाव. परंतु खेड्यापाड्यांत टायरवर चालते ते जेसीबी आणि लोखंडी चेनवर चालते ते पोकलेन, अशी ती यंत्रांचीच नावे होऊन बसली आहेत.

या दोहोंच्या जोडीला तिसरा प्रकार सुचविला जातो. तो म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसविलेले खोदयंत्र. पोकलेन डांबरी रस्त्याने स्वतः जाऊ शकत नाही. त्याला ट्रेलरवर चढवून न्यावे लागते. जेसीबी स्वतः जाते, पण सावकाश. ट्रकवरील यंत्र मात्र ट्रकच्या वेगाने या गावातून त्या गावात जाते. मग गावोगावच्या कामांस हेच यंत्र का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर शोधताना रस्त्यावरील सोय आणि शिवारातील काम या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ट्रक कोठे शोभतो?

बोअर घेणारी गाडी सर्वांच्या परिचयाची आहे. ती ट्रकवर असते, कारण तिचे काम एका जागी एक-दोन दिवसांत संपते व पुढची जागा दहा-वीस मैलांवर असते. काम थोडे आणि वाट लांब, अशा धंद्यास ट्रक शोभतो. अमेरिकेत १९४० च्या दशकात ट्रकवरील खोदयंत्र पुढे आले ते याच हिशोबाने. रस्त्याकडेच्या चऱ्या साफ करणे, उतार सारखे करणे, मोरीचे तोंड मोकळे करणे ही त्याची कामे होत. यंत्र पक्क्या रस्त्यावर उभे राहते आणि त्याचा हात तेवढा बाजूला पोहोचतो.

आपल्याकडेही अशी कामे आहेत. कालव्याच्या वितरिकांलगत गाडीरस्ता असतो. तेथील गाळ व गवत काढणे, गावरस्त्यांच्या चऱ्या पावसापूर्वी उघडणे, ही कामे मैलोगणती पसरलेली व जागोजागी थोडी थोडी असतात. तेथे हे यंत्र निःसंशय उपयोगी पडेल.

शिवारात अडचण कोठे येते?

शेततळ्याची व तलावाची गोष्ट वेगळी आहे. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली दर चौरस सेंटिमीटरला सहा-सात किलोपर्यंत भार पडतो. वीस टनी पोकलेनच्या रुंद चेनखाली तोच भार अर्ध्या किलोच्या आसपास असतो. भुसभुशीत काळ्या जमिनीत किंवा तलावाच्या ओलसर पोटात ट्रक का रुततो व पोकलेन का चालते, याचे कारण येथे आहे. अवकाळी पावसाची एक सर आली तरी ट्रकवरील यंत्र बांधाबाहेर उभे राहील.

दुसरे असे की, खोदताना यंत्र डगमगू नये म्हणून ट्रकचे आधारपाय जमिनीवर टेकवावे लागतात आणि पुढे सरकताना ते पुन्हा उचलावे लागतात. रुंद खड्ड्यात पावलोपावली जागा बदलावी लागते. तेथे या उचल-ठेवीतच पुष्कळ वेळ जातो. शिवाय यंत्र ट्रकच्या उंचीवर बसलेले असल्यामुळे तेवढी खोली हाताच्या पल्ल्यातून वजा होते.

आता आकड्यांनी पाहू. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल शेततळे, एकास एक उताराच्या बाजूंचे, घेतले तर २,१९६ घनमीटर माती निघते. खोदलेली माती फुगते. ती सव्वापट धरली तर सुमारे २,७४५ घनमीटर होते. जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये सुमारे पाव घनमीटर माती मावते, म्हणजे सुमारे अकरा हजार बकेटी. मोठ्या पोकलेनच्या बकेटमध्ये सुमारे एक घनमीटर मावते, म्हणजे पावणेतीन हजारांच्या आत. मिनिटास दोन बकेटी धरल्यास पहिल्याला नव्वदहून अधिक तास लागतील व दुसऱ्याला तेवीस. पोकलेनचे तासाचे भाडे अडीचपट असले, तरी एवढ्या कामात तेच स्वस्त पडते. उलट, पन्नास घनमीटरांचे काम जेसीबी दोन-अडीच तासांत उरकते. त्यासाठी पोकलेन ट्रेलरवर आणणे म्हणजे जाण्या-येण्याचे भाडे कामाच्या डोक्यावर बसविणे होय. यावरून यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न एकट्या यंत्राचा नसून एका जागच्या मातीचा व दोन जागांमधील वाटेचा आहे, हे स्पष्ट होईल.

यंत्रापूर्वी यादी

यास्तव ट्रकच्या सोयीपेक्षा गावाची एकजूट अधिक मोलाची ठरते. एका शेतकऱ्याने एका तळ्यासाठी पोकलेन आणले तर ट्रेलरचे सर्व भाडे त्याच्या एकट्याच्या माथी पडते. सहा जणांनी एकाच आठवड्यात काम लावले तर ते सहा जणांत वाटले जाते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसे मे महिना सरत आल्यावर यंत्र शोधू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने रब्बीची काढणी चालू असतानाच गावातील कामांची यादी करावी; प्रत्येक कामाचे माप, रस्त्यापासूनचे अंतर व जमिनीचा प्रकार तीत लिहावा. ती यादीच कोणते यंत्र बोलवावे हे सांगेल.

भाडे शक्यतो तासावर न ठरविता घनमीटरवर ठरवावे. तासाच्या बोलीत यंत्र उभे असले तरी घड्याळ चालूच राहते. खोदण्यापूर्वी व खोदल्यानंतर टेपने माप घ्यावे, आणि ते शेतकऱ्याच्या देखत घ्यावे. वरची सुपीक माती आधी सोलून वेगळी ठेवावी. तिच्यावर मुरूम पसरला तर एका दिवसाच्या घाईची भरपाई अनेक हंगामांत होत नाही. यंत्र हाताशी आहे म्हणून नाला खोल खोल नेत जाणे हेही शहाणपणाचे नव्हे. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात विहिरींना पुरवठा होतो तो बहुतांशी मुरूम व भेगाळ खडक यांत साठलेल्या पाण्यातून. तो थर खरवडून काढला तर पाणी साठण्याची जागाच नाहीशी होते.

ट्रकवरील खोदयंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. रस्ते व कालवे यांच्या कडेला त्यास अवश्य कामास लावावे. परंतु यंत्रमालकाला गाव बदलणे सोपे जाते, एवढ्यावरून शेतकऱ्याची माती स्वस्तात निघते असे होत नाही. बांधावर उभा राहून भाडे मोजणारा शेतकरी असतो. म्हणून निवडीचा हिशोबही त्याच्याच बांधावरून झाला पाहिजे.