खडा पडत का नाही?

मुलांनो, आईच्या चांदीच्या अंगठीतला लाल खडा नीट निरखून पाहा. डिंक नाही, खळ नाही; मग तो पडत का नाही बरं?

सोनार आधी चांदीची पातळ पट्टी वाकवून खड्याच्या मापाचं 'घर' करतो आणि ते अंगठीवर झाळतो. खडा मात्र मागाहून बसवायचा, कारण आचेनं काही खडे तडकतात. मग पोलादी हत्यारानं घराची कड चहूबाजूंनी खड्यावर दाबायची. चांदी मऊ, म्हणून ती वाकते आणि खड्याला घट्ट धरते. शुद्ध चांदी तर फारच मऊ! म्हणून दागिन्यात थोडं तांबं मिसळतात. '९२५' असा शिक्का म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी.

दाबताना एवढीशी अंगठी हलू नये, म्हणून ती काठीवरच्या गरम लाखेत रोवतात. लाख गार झाली की टणक, तापवली की पुन्हा मऊ!

ही लाख जंगलातली, बरं का! आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पळस, कुसुम, बोर या झाडांवर इवलेसे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती लाखेचं कवच करतात. सगळीच लाख ओरबाडली, तर पुढचं पीक येणार कुठून? म्हणून जाणती माणसं काही फांद्या किड्यांसकट राखतात आणि दुसऱ्या झाडाला बांधतात. पिल्लं रांगत कोवळ्या डहाळ्यांवर जातात.

तेव्हा फांदीवर असं कवच दिसलं, तर गंमत म्हणून खरवडू नका हं. आत जीव असतो. आणि पुढच्या वेळी सोनारकाकांकडे गेलात, की लाखेची काठी दाखवायला सांगा!