घरचे आरोग्य : धरलेला खांदा

दुखणे अंगावर काढण्यात आपल्या घरांचा हात कुणी धरू शकत नाही, आणि त्यातही खांद्याचे दुखणे. ताप आला तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. खांदा दुखला तर आधी ‘शीर चढली असेल’ म्हणतात, मग ‘हवा भरली’, मग ‘वय झालं’. सहा महिने जातात. तोवर आपाला स्वतःची वेणी घालता येत नाही, ओढणी मागून पुढे घेता येत नाही, आणि हे सुनेला सांगायचे कसे म्हणून ती गप्प राहते. रात्री कुशीवर वळले की झोप मोडते, त्याचा तर हिशोबच नाही.

सणसर आणि आसपासच्या गावांकडे पाहिले की खांद्याला उसंत नाही हे लगेच ध्यानात येते. शेजारी भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की कोयता दिवसभर एकाच खांद्यावर चालतो आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवाव्या लागतात. बागायतदाराच्या पाठीवर फवारणीचा पंप, दूधवाल्याच्या मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन, ट्रॅक्टरवाल्याच्या हाती तासन्‌तास स्टेअरिंग. घरात भाकरी थापणे, कपडे पिळणे आणि ते उंच दोरीवर टाकणे. शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या भगिनींचा खांदा तर मानेसकट आखडतो.

खांद्याचा सांधा शरीरात सर्वांत मोकळा फिरणारा. उथळ बशीवर चेंडू ठेवावा तशी त्याची रचना आहे. बशी लहान आणि चेंडू मोठा. त्यामुळे हात चारी दिशांना फिरतो, पण चेंडू जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांपेक्षा चार लहान स्नायूंना आणि त्यांच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांना, करावे लागते. या दोरांवर वर्षानुवर्षे ताण पडला की ते झिजतात, सुजतात, कधी फाटतात. हा झाला दुखण्याचा एक प्रकार. दुसरा प्रकार वेगळा. त्यात सांध्याभोवतीची पिशवीच आवळत जाते आणि खांदा जखडतो. अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला जे नाव दिले तेच आज डॉक्टर वापरतात, ‘फ्रोझन शोल्डर’, गोठलेला खांदा.

घरच्या घरी या दोन्हींतला फरक बराचसा कळतो. दुखऱ्या माणसाला सैल सोडून बसवावे आणि दुसऱ्याने त्याचा हात हळूच वर न्यावा. स्वतःला उचलता येत नाही पण दुसऱ्याने नेला तर हात वर जातो, तर दोष बहुधा स्नायू-कंडरांचा. दुसऱ्याने नेला तरी ठरावीक जागी दार बंद झाल्यासारखा अडतो, तर खांदा जखडलेला असण्याची शक्यता मोठी. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवता येत नसेल तर ती खूण आणखी पक्की. अर्थात ही घरगुती पारख झाली. निदान डॉक्टरांनीच करायचे.

या गोठलेल्या खांद्याचे मधुमेहाशी जवळचे नाते आहे. सर्वसाधारणपणे शंभरातील दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. मधुमेह असलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरी दहा ते वीसपर्यंत जाते. चाळीस ते साठ या वयात आणि बायकांमध्ये तो अधिक दिसतो. थायरॉइडच्या रुग्णांनाही होतो. कित्येकांना आपल्याला साखर आहे हे खांद्याच्या निमित्तानेच पहिल्यांदा कळते. म्हणून कारण नसताना खांदा जखडला तर आम्ही पहिला खर्च मलमावर किंवा मालिशीवर करू देणार नाही. आधी रक्तातील साखर तपासा, जमल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणीही करा. खांदा आज ना उद्या सुटतो. न कळलेली साखर मात्र डोळे आणि मूत्रपिंड पोखरत राहते.

आता उपचारांकडे. आपल्याकडे खांदा धरला की तीन दारे ठोठावली जातात. हाडवैद्य किंवा चोळणारी बाई, हिजामावाले, आणि अलीकडे मोबाईलवर दिसणारे ‘कट्ट’ आवाज काढणारे कायरोप्रॅक्टिकवाले. या शेवटच्यांची चौकशी बरेच जण करतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो.

कायरोप्रॅक्टिक ही हाताने सांधे हलवून उपचार करण्याची पद्धत अमेरिकेत १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी सुरू केली. नावाचा अर्थच ‘हाताने केलेले काम’ असा आहे. बहुतेक रोग मणके जागचे हलल्याने होतात, हा पामर यांचा मूळ सिद्धांत विज्ञानाने स्वीकारलेला नाही. पण सांध्याला हाताने चालना देण्याचा उपयोग अगदीच नाही असेही नाही. खांदा, मान आणि पाठीचा वरचा भाग जाणकाराने हळुवार हलवला तर काही दिवस-आठवडे दुखणे कमी होते आणि हात थोडा मोकळा होतो. त्या मोकळ्या काळात व्यायाम केला तर लाभ टिकतो. नुसते जाऊन झोपायचे, आवाज काढून घ्यायचा आणि पैसे देऊन यायचे, याने टिकत नाही. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच. सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा असतो. आवाज मोठा म्हणजे उपचार मोठा, हा समज मोबाईलने पसरवला आहे.

अमेरिकेत या उपचारासाठी वेगळी पदवी आणि परवाना लागतो. आपल्याकडे फिजिओथेरपीला अभ्यासक्रम आहे, महाराष्ट्रात नोंदणीसाठी परिषद आहे, २०२१ चा केंद्रीय कायदाही आहे. म्हणून कुणाकडेही जाण्यापूर्वी शिक्षण काय आणि नोंदणी कुठे, हे विचारावे. विचारण्यात बेअदबी नाही. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये, इतके सोपे आहे.

मान झटक्याने मोडून घेऊ नका, हे मात्र निक्षून सांगतो. मग ती दाढी-कटिंगच्या खुर्चीत असो वा पाटी लावलेल्या केंद्रात. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्याने त्यांचे अस्तर फाटून अर्धांगवायूचा झटका आल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. विरळा आहेत, पण आहेत. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत अशा वयस्कर अम्मी-अब्बांना तर अजिबात झटका देऊ नये. पडल्यानंतर खांद्याचा आकार बदलला असेल तर हाडवैद्याकडून ओढूनही घेऊ नये. आधी एक्स-रे.

हिजामाबद्दल आमचे म्हणणे एवढेच की श्रद्धेने करणाऱ्याने करावा, पण ब्लेड आणि कप नवे, एकदाच वापरायचे असावेत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि हिजामा केला म्हणून व्यायाम सुटत नाही.

कारण खरे औषध व्यायामच आहे, आणि तो घरी होतो. अंघोळीनंतर किंवा दहा मिनिटे गरम पाण्याची पिशवी ठेवल्यावर करावा.

पहिला व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. चांगला हात टेबलावर किंवा ओट्यावर टेकून पुढे वाका. दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल लोंबू द्या. हात हलवायचा नाही, अंग डुलवायचे. हात आपोआप मागे-पुढे आणि गोल फिरतो. एक-दोन मिनिटे, दिवसातून तीनदा. दुखणे फार असेल त्या दिवसांत एवढेच पुरे.

मग भिंत. भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि बोटे मुंगीसारखी वर चढवा. जिथे ताण येतो तिथे दहा-पंधरा सेकंद थांबा, तशीच खाली या. भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. आठवड्याने खूण दोन बोटे वर सरकलेली दिसली की माणूस स्वतःहून व्यायाम करतो, कुणी मागे लागावे लागत नाही. त्यानंतर काठी: उताणे झोपून कोपरे अंगाला चिकटवायची, दोन्ही हातांत आडवी काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेरच्या बाजूला ढकलायचा. पाठीमागे हात जाण्यासाठी ओढणी किंवा पंचा पाठीवरून आडवातिडवा धरून वरच्या, चांगल्या हाताने हळूहळू ओढावा. प्रत्येक प्रकार दहा वेळा.

दुखणे ओसरल्यावर ताकदीचे व्यायाम. दोन्ही खांद्यांची पाती मागे आणून पाच सेकंद आवळणे, सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून कोपर अंगाशी ठेवत ओढणे, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलणे. कंडरांच्या दुखण्यात साधारण बारा आठवडे नेटाने केल्यावरच फरक जोखावा. व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरला तर ठीक. रात्रीची झोप मोडली तर मात्रा निम्मी करा, पण बंद करू नका. झोळीत बांधून ठेवलेला खांदा आणखी जखडतो.

गोठलेला खांदा सुटायला एक ते तीन वर्षेही लागतात, हे आधीच सांगितलेले बरे. सुरुवातीच्या फार दुखणाऱ्या काळात सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर आराम पडतो. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून तपासत राहावे. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तीन गट होते. एका गटाला भूल देऊन खांदा सोडवला, दुसऱ्याची दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याला इंजेक्शनसह फिजिओथेरपी दिली. वर्षभरानंतर यातला एकही उपाय दुसऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकण्याआधी हे ध्यानात असावे. सणसरहून बारामती जवळ आहे. तिथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अस्थिरोग विभागात दाखवून मगच पुढचे ठरवावे.

नमाजीचा प्रश्नही घरोघरी निघतो. तकबीरला हात जेवढा वर जाईल तेवढाच न्यावा. सजद्यातून उठताना दुखऱ्या हातावर भार येत असेल तर चांगल्या हाताचा आधार घ्यावा किंवा खुर्चीवर बसावे. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे, तपशील आपल्या आलिमांना विचारावा. वुजूला लोटा चांगल्या हातात धरावा, किंवा नळाखाली बसावे. उजव्या कुशीवर झोपण्याची सवय असणाऱ्यांचा उजवा खांदा दुखत असेल तर काही महिने उताणे झोपून कोपराखाली उशी घ्यावी. नमाज हाच खांद्याचा व्यायाम, असे काही जण सांगतात. आम्हाला ते पटत नाही. इबादत ती इबादत, तिला व्यायामाच्या मापाने मोजू नये. व्यायामाला वेगळी पंधरा मिनिटे काढावीत.

आणि काही वेळा दुखतो खांदा, पण आजार असतो भलतीकडे. डाव्या खांद्यात कळ, सोबत छातीवर दडपण, घाम, मळमळ असेल तर चोळत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. तेलकट जेवणानंतर उजव्या खांद्याकडे कळ जाते तेव्हा पित्ताशयात खडे असू शकतात. मानेतून हातात मुंग्या उतरत असतील, पकड ढिली पडली असेल तर मूळ मानेत असते. ताप येऊन सांधा लाल-गरम झाला, पडल्यापासून हात उचलतच नाही, किंवा वजन घटत चालले आहे आणि रात्रंदिवस दुखते, तर घरचा व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.