ओढ्यावरून माघारी

गेल्या अंकांत आम्हीं चातुर्मासांतील नेमांविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यांत संन्याशांनीं पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहावें, प्रवास करूं नये, हा जुना नियम ओघांत आला होता. आमच्या वहिनींनीं नेमकें तेंच वाक्य हेरून ठेविलें. पुढच्याच शनिवारीं आमची धाकटी नात पाठीवर पिशवी बांधून राजमाचीस निघाली, तेव्हां त्यांनीं मासिक उघडून तें पान तिच्यापुढें धरिलें. "तुझ्या आजोबांनींच लिहिलें आहे, वाच." नातीनें उभ्या उभ्या वाचलें आणि म्हणाली, "मोठ्या आजी, मीं अजून संन्यास घेतलेला नाहीं." एवढें बोलून तिनें बुटांच्या नाड्या आवळल्या. आमचें लिखाण घरांत इतक्या बारकाईनें वाचलें जातें, हें पाहून आम्हांस आनंदच झाला. पण तो व्यक्त करण्याची ती वेळ नव्हती.

हें ट्रेक-प्रकरण ज्या घरांत अजून शिरलें नसेल, तेथील वडील मंडळींसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. शब्द मूळचा दक्षिण आफ्रिकेंतील डच वसाहतवाल्यांचा. बैलगाड्या जोडून केलेला लांबचा प्रवास, असा त्याचा अर्थ. आमच्या मुलांनीं बैल आणि गाडी दोन्ही वगळून नुसता शब्द उचलला. पंचवीस-तीस माणसें, पुष्कळदां एकमेकांस अनोळखी, मोबाईलवरून एकत्र जमतात, माणशीं हजार-बाराशें रुपये भरतात, आणि लीडर म्हणून एकाच्या मागें चालूं लागतात. शनिवारीं रात्रीं निघावें, पहांटे पायथा गांठावा, दिवसभर भिजत चढावें-उतरावें, आणि रविवारीं रात्रीं चिखलानें माखलेले कपडे घरच्यांच्या स्वाधीन करावे, असा एकंदर क्रम आहे.

ह्यांत मोह पडण्याजोगें कांहीं नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पभरले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, निवतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. म्हणून महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सव्वाशें किलोमीटरांच्या आंत असलेल्या आमच्या पुण्यास त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा लाभतो. उन्हाळ्यांत काळाठिक्कर दिसणारा कडा आषाढांत पांढऱ्या धारांनीं भरून जातो. पठारावर ढग पायांखालून चालतात. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर बसून मेघास वाट समजावून देत राहिला, स्वतः भिजावयास निघाला नाहीं. शाप होता, हें खरें. पण आमच्यासारख्या कित्येकांचें पर्जन्यप्रेम शापावांचूनही ह्याच जातीचें असतें. नातीची पिढी निदान निघते तरी. आणि गडांवर हिंडण्याचें हें वेड कांहीं आजचें नव्हे, गो. नी. दांडेकरांनीं (१९१६-१९९८) आपल्या पायांनीं आणि लेखणीनें तें किती घरांत पोहोंचविलें, हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु वहिनींची भीतिही उगीच नव्हती. ३० जून २०२४ रोजीं, रविवारीं, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतलीं पांच माणसें वाहून गेलीं. त्यांत लहान मुलें होतीं. प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांस घट्ट धरून तीं उभीं आहेत, असें तें चलच्चित्र घरोघरच्या मोबाईलवर फिरलें. वहिनींनीं तें पाहिलें, आणि त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत. तेव्हांपासून पावसाळी रविवार आला, कीं नात घरीं येईपर्यंत त्यांची जपमाळ थांबत नाहीं.

आतां राजमाचीची हकीकत. लोणावळ्याहून गडाखालच्या उधेवाडीपर्यंतची वाट सुमारें पंधरा किलोमीटरांची. चढ फारसा नाहीं. रान आहे, आणि वाटेंत ओढे आहेत. उधेवाडीच्या माथ्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. नातीची तीस जणांची टोळी पहांटे निघाली आणि निम्म्या वाटेवर एका ओढ्यापाशीं थांबली. पाणी गुडघ्याएवढें, पण गढूळ आणि वेगाचें. टोळीची लीडर सव्वीस वर्षांची एक मुलगी. तिनें सर्वांस कांठापासून दूर, उंचावर बसविलें. दीड तास वाट पाहिली. पाणी उतरेना, पाऊसही थांबेना. तेवढ्यांत दुसरी एक टोळी आली, हंसत-ओरडत ओढा उतरून पलीकडे गेलीसुद्धां. तरीही ही मुलगी म्हणाली, "आपण परत जायचें." कोणी रागावलें, कोणी पैसे परत मागितले, एकानें तर तिला भित्री म्हटलें. तिनें सारें ऐकून घेतलें आणि तिसांचे तीस मोजून लोणावळ्यास आणिले.

नात दुपारींच घरीं आली, ती धुमसत. "आजोबा, ओढा नुसता गुडघ्याएवढा होता! ते लोक गेले ना पलीकडे? आमचेच पैसे वाया." वहिनींनीं हीच संधि साधली. "ज्या वाटेवरून माघारीं यावें लागतें, तिकडे जावेंच कशाला? ह्यापुढें श्रावण संपेपर्यंत डोंगर बंद." मुलीचे वडील वर्तमानपत्राआड गेले. अशा प्रसंगीं निवाडा आमच्याकडे येतो, आणि आम्ही बहुधा एखादें सुभाषित म्हणून वेळ मारून नेतों. त्या दिवशीं मात्र सुभाषित सुचेना. रात्रीं जेवणें आटोपल्यावर दोघींस माजघरांत बसवून आम्हीं एक गोष्ट सांगितली. ती तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं कोणास सांगितली नव्हती, सौभाग्यवतींसही नाहीं. त्या दाराशीं उभ्या राहून ऐकत होत्या, हें मागाहून कळलें.

१९९१ सालचा जुलै महिना. आम्ही एका शाळेंत नववीस संस्कृत शिकवीत होतों. बावीस मुलें घेऊन आम्ही लोकलनें मळवलीस उतरलों, भाज्याचीं लेणीं पाहिलीं, आणि पुढें विसापूरवर चढलों. त्या गडाच्या एका वाटेवर दगडी पायऱ्या आहेत. पावसाळ्यांत तीच वाट धबधबा होते. मुलांच्या आनंदास पारावार नव्हता, आमच्याही नव्हता. दुपारीं उतरतांना पाऊस वाढला. पायथ्याशीं जो ओढा सकाळीं घोट्याएवढा होता, तो आतां मांडीपर्यंत आला होता. थांबावें, असें मनांत आलें. पण मळवलीहून ठराविक गाडी पकडावयाची होती. पुण्याच्या स्टेशनावर मुलांचे पालक उभे राहणार होते. मोबाईल तेव्हां नव्हते. गाडी चुकली तर पालक काय म्हणतील, हेडमास्तर काय म्हणतील, हाच विचार डोक्यांत. आम्हीं मुलांस हात धरून साखळी करावयास सांगितलें आणि पाण्यांत घातलें.

मध्यावर एका मुलाचा पाय सुटला. त्याच्या ओढीनें दोघे-तिघे कोलमडले, साखळी तुटली, आणि तो दहा-बारा हात वाहत जाऊन कांठच्या एका जांभळाच्या मुळांत अडकला. आम्ही ओरडत राहिलों. त्याहून अधिक कांहीं आमच्या हातून झालें नाहीं. शेजारच्या खाचरांत भाताची लावणी चालली होती. तेथून एक शेतकरी इरलें फेंकून धांवत आला, आणि त्यानें मुलाच्या दंडास धरून त्यास वर ओढिलें. हनुवटी फुटली होती. बाकी कांहीं नाहीं. तो शेतकरी आम्हांस एवढेंच म्हणाला, "मास्तर, घटकाभर बसायचं व्हतं. पानी काय, उतरतंच की." आम्हीं त्याचें नांवही विचारलें नाहीं. गाडी गांठावयाची होती.

स्टेशनावर मुलाच्या वडिलांस आम्हीं सांगितलें, "पायरीवरून घसरला." मुलगा शेजारींच उभा होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि वडिलांस म्हणाला, "हो, घसरलों." वर्षभर आम्ही त्यास धातूंचीं रूपें शिकवीत होतों, त्या संध्याकाळीं खोटें बोलणेंही शिकविलें. तो मुलगा आतां पन्नाशीकडे झुकला आहे. कधीं देवळांत भेटला तर वांकून नमस्कार करितो. हनुवटीवरचा व्रण अजून दिसतो.

नात बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "पुढची गाडी किती वेळानें होती?" आम्हीं सांगितलें, "दोन तासांनीं." त्यावर ती कांहीं बोलली नाहीं, वहिनीही बोलल्या नाहींत.

गुडघ्याएवढें पाणी म्हणजे काय, हें आम्हीं तिला तेव्हांच समजाविलें. येथेंही लिहून ठेवितों. सह्याद्रीचा दगड काळा बसाल्ट; उतारावर मातीचा थर पातळ. पडलेलें पाणी मुरावयास थांबत नाहीं, थेट ओढ्यांत येतें. वरच्या अंगास ढग फुटला, तर आपल्या डोक्यावर रिमझिम असतांनाही पाहतां पाहतां ओढा चढतो. पाण्याचा रंग तांबूस झाला, पानें-काटक्या वाहूं लागल्या, आवाज घोगरा झाला, कीं कांठ सोडावा. वेगाचें पाणी गुडघ्याएवढें असलें तरी धडधाकट माणसास आडवें करितें. तळचे शेवाळलेले गोटे त्यास साहाय्य करितात. आणि हात धरून केलेली साखळी एकास वांचविते तशी चौघांस ओढूनही नेते, हें आम्ही अनुभवानें सांगतों. पलीकडे गेलेली ती दुसरी टोळी सुखरूप परतली असेल. नसती परतली तर वर्तमानपत्रांत आलेंच असतें. परंतु तेवढ्यावरून त्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाहीं. आमचींही एकवीस मुलें कोरड्या जमिनीवर आपल्या पायांनींच पोहोंचलीं होतीं.

वहिनींस आम्हीं निराळें सांगितलें. संन्यासी चातुर्मासांत एका जागीं राहतो, पण वारकरी त्याच आषाढांत चालत पंढरपुरास जातो. त्याची दिंडी असते, दिंडीस क्रमांक असतो, विणेकरी असतो, आणि कोणी मागें पडला तर त्याची चौकशी होते. डोंगरांत जाणारांनींही दिंडीसारखें जावें; न जाण्याचा नेम सर्वांस लागू नाहीं. वहिनींचें माहेर पालखीच्या वाटेवरचें आहे. त्यांनीं मान हलविली. पण ती होकाराची कीं आमच्या युक्तिवादास दाद म्हणून, हें कळलें नाहीं.

ज्या घरांतून मुलें जातात, तेथील वडिलांनीं बंदी घालण्यापूर्वीं दोन-चार गोष्टी विचाराव्या. लीडर ती वाट पूर्वीं पावसांत चालला आहे काय? सर्वांत शेवटीं कोण चालणार? गांवांतला कोणी वाटाड्या बरोबर आहे काय? कितीपर्यंत माथा न गांठल्यास परत फिरणार? शेवटच्या प्रश्नास उत्तर न देणाऱ्या टोळींत मूल पाठवूं नये. आणि गर्दीचा रविवार टाळतां आला तर फारच उत्तम. जुलै २०२३ मध्यें लोहगडाच्या दरवाज्यांत माणसें कित्येक तास अडकून पडलीं होतीं. तो गड २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आला, तेव्हां तेथील गर्दी कमी होण्याची आशा करणें व्यर्थ. वाट चुकलेल्या आणि पडलेल्या माणसांस शोधावयास लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेसारखे स्वयंसेवक अपरात्रीं दोर घेऊन निघतात. त्यांच्याही घरीं कोणी जागत बसलेलें असतें.

वास्तविक घरच्यांनीं स्वतःसच एक प्रश्न विचारला पाहिजे. मूल अर्ध्यांतून परत आलें, तर आपण काय म्हणतों? "पैसे वाया घालविले," म्हणून हंसतों, कीं "तरी सांगत होतों," म्हणून टोमणा देतों? आम्हांस ओढ्यांत कोणी ढकललें, तर स्टेशनावर उभ्या असलेल्या पालकांच्या घड्याळानें, असें आम्ही पुष्कळ दिवस मनाशीं म्हणत होतों. ती पळवाट होती. पाण्यांत मुलें आम्हींच घातलीं. तरी त्या घड्याळाचा कांटा अगदींच निर्दोष होता, असेंही नाहीं. आम्हीं नातीस आतां सांगून ठेविलें आहे, कीं रविवारीं येणें झालें नाहीं तर सोमवारीं ये. डोंगरांत मोबाईलला रेंज नसते, तेव्हां फोन आला नाहीं म्हणून आम्ही गांव गोळा करणार नाहीं.

आणखी एक. गडाखालच्या ज्या वाडींत आपलीं मुलें चहा-पिठलें-भाकरी खातात, तेथल्या माणसांस पाऊस आवडला नाहीं म्हणून पुण्यास परततां येत नाहीं. इर्शाळगडास जाणारे इर्शाळवाडींतून जात. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. मृत आणि बेपत्ता मिळून ८०हून अधिक माणसें गेलीं. नात त्याच्या आदल्या पावसाळ्यांत तेथें जेवली होती. ज्या बाईनें भाकरी वाढली, तिचें नांव तिलाही ठाऊक नाहीं. ती आतां प्रत्येक वाडींत नांव विचारून येते आणि वहींत लिहिते, असें तिनें आम्हांस त्या रात्रीं प्रथमच सांगितलें.

श्रावणाच्या दुसऱ्या शनिवारीं ती पुन्हां राजमाचीस निघाली, त्याच लीडरबरोबर. वहिनींनीं मासिक उघडलें नाहीं. दुपारपासून स्वयंपाकघरांत दशम्या होत होत्या. नातीच्या पिशवींत एक पुडी गेली. दुसरी, शेंगदाण्याच्या चटणीसह, फडक्यांत निराळी बांधलेली होती. "ही त्या मुलीला दे," वहिनी म्हणाल्या, "तुम्हांला परत आणलें त्या. आणि तिच्या घरीं कोण कोण असतें, तें विचारून ये."