पोटासाठी नाचली ती अश्लील, हौसेने नाचला तो आधुनिक?

मुंबई आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'नाईट लाइफ' हा शब्द आता कौतुकाने छापला जातो. शहर जागतिक दर्जाचे व्हायचे असेल तर रात्र जागली पाहिजे, पब आणि नाइटक्लब चालले पाहिजेत, त्यातून रोजगार वाढतो, पर्यटन वाढते, असे सांगितले जाते. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या अनिवासी भागांतील मॉल, दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याचे धोरण आणले, तेव्हाही हाच युक्तिवाद होता. तरुण मुलामुलींनी रात्री नाचावे, गावे, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. स्त्रीने रात्री घराबाहेर पडू नये हा मनूचा कायदा आहे, आमचा नाही. प्रश्न वेगळा आहे. याच राज्यात, याच शहरात रात्रीच्या नाचावर जो कायदा झाला, तो कोणाच्या नाचावर झाला आणि कोणाच्या नाचाला त्यातून सूट मिळाली, हे आपण नीट पाहिले पाहिजे. कारण त्या कायद्यात या व्यवस्थेचा खरा चेहरा दिसतो.

२००५ सालची गोष्ट आहे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंदीचे विधेयक आणले आणि जुलै महिन्यात विधिमंडळाने ते एकमुखाने मंजूर केले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सर्व पक्ष त्या दिवशी संस्कृतीच्या रक्षणासाठी एक झाले. मुंबई पोलीस कायदा, १९५१ मध्ये कलम ३३-अ आणि ३३-ब अशी दोन नवी कलमे घालण्यात आली. पहिल्या कलमाने खानावळी, परमिट रूम आणि बिअर बारमधील नाचाला बंदी केली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठरली. दुसऱ्या कलमाने मात्र तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, सभासदांच्या क्लबांना आणि जिमखान्यांना या बंदीतून वगळले.

या दोन कलमांचा अर्थ साध्या भाषेत काय होतो? चेंबूर, मुलुंड, पनवेलच्या बारमध्ये बाई नाचली तर समाज बिघडतो आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलात तोच नाच झाला तर समाज बिघडत नाही. नाच तोच, गाणे तेच, दारूही तीच. फरक फक्त पाहणाऱ्याच्या खिशाचा आणि नाचणारीच्या जातीचा. ज्या देशात देवळातली घंटा कोणी वाजवावी हे जन्मावरून ठरत होते, त्या देशात नाच अश्लील की संस्कृत हेही जन्मावरून आणि पैशावरून ठरावे, यात आश्चर्य काय?

बारमध्ये नाचणाऱ्या या स्त्रिया कोण होत्या? त्या वेळी एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि स्त्रियांच्या संघटनांनी केलेल्या पाहण्या न्यायालयापुढे मांडल्या गेल्या. बारमधल्या अनेक जणी पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतून आलेल्या होत्या. बेडिया, नट, कंजर या उत्तरेतल्या जमाती, आणि आपल्याकडच्या कोल्हाटी, डोंबारी. यांतील अनेक जमातींची नावे त्या-त्या राज्यांच्या अनुसूचित जातींच्या किंवा भटक्या-विमुक्तांच्या यादीत आहेत. काहींवर तर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि तो १९५२ साली पुसला गेला. राजेरजवाडे गेले, जमीनदार गेले, तमाशाचे फड मोडकळीला आले, तेव्हा या मुली शहरातल्या बारमध्ये आल्या. त्यांच्याबरोबर गिरणी बंद पडलेल्या कामगाराची मुलगी आली, नवऱ्याने टाकलेली बाई आली, घरकामाच्या पैशात पोट न भरणारी बाई आली. बंदीमुळे सुमारे पाऊण लाख स्त्रियांचा रोजगार जाईल, असे त्यांच्या संघटना सांगत होत्या. एवढ्या स्त्रियांचे काम काढून घेणाऱ्या त्या कायद्यात त्यांच्या पुनर्वसनासाठी एक कलमसुद्धा नव्हते.

पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे, तरी उजळणी केली पाहिजे. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. समतेचा हक्क देणारे संविधानाचे कलम १४ आणि व्यवसायस्वातंत्र्य देणारे कलम १९ या दोन्हींचा भंग झाला, असे न्यायालयाने ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती सुरिंदरसिंग निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. श्रीमंत वर्गाची नीती उंच आणि गरीब वर्गाची नीती खालची असे गृहीत धरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बंदीनंतर अनेक स्त्रियांना पोटासाठी शरीरविक्रय करावा लागला, याचीही नोंद न्यायालयाने घेतली. म्हणजे स्त्रीची प्रतिष्ठा वाचवण्यासाठी आणलेल्या कायद्याने स्त्रीला कोठे नेऊन सोडले, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने लिहून ठेवले आहे.

सरकारने यातून धडा घेतला नाही. जून २०१४ मध्ये हॉटेलांची सूट काढून टाकून बंदी सरसकट केली गेली. समतेचा आक्षेप आला ना, मग सगळ्यांनाच बंदी, असा हा न्याय होता. पण ती समता कागदावरचीच होती. कारण पैसे घेऊन नाचणारी बाई तेवढी बंदीत आली. पैसे देऊन डिस्कोत नाचणारे कधीच आले नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीलाही स्थगिती दिली. मग २०१६ साली 'अश्लील नृत्य' रोखण्याचा आणि महिलांच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्याचा स्वतंत्र कायदा आला. शाळा आणि प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटरच्या आत परवाना नाही, नाचाच्या जागेवर सीसीटीव्ही, अशा अटी त्यात होत्या. १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने या अटी रद्द केल्या. पैसे उधळण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. आणखी एक अट कायम राहिली, ती वेळेची. डान्सबारमधील नाच सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरापर्यंतच.

आता मुंबईतल्या पबचे घड्याळ पाहा. तेथे दारू आणि संगीत रात्री दीड वाजेपर्यंत चालते. एकाच शहरात, एकाच रात्री नाचाची दोन घड्याळे आहेत. हौसेने नाचणारा दीड वाजेपर्यंत सभ्य असतो आणि पोटासाठी नाचणारी साडेअकराला अश्लील होते. अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या प्रा. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करून 'अश्लील' हा शिक्का जातीच्या हाताने कसा मारला जातो, हे दाखवून दिले आहे. डान्सबारचा कायदा हा त्याच शिक्क्याचा सरकारी अवतार आहे.

येथे आपल्यातलेच काही जण प्रश्न विचारतील, आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे. बाबासाहेबांनीच तर १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींना ते लाजिरवाणे जीवन सोडण्यास सांगितले होते. मग बंदीला विरोध कसा करता? २००५ मध्ये आपल्या चळवळीतील काही कार्यकर्त्या भगिनींनीही बंदीचे समर्थन केले होते. जातीने लादलेला धंदा हा व्यवसायस्वातंत्र्य कसा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात वजन आहे. आईने नाचायचे म्हणून लेकीने नाचायचे आणि भावाने तिच्या कमाईवर बसून खायचे, ही परंपरा टिकावी असे कोणताही आंबेडकरवादी म्हणणार नाही. जातीचा धंदा सोडणे हा आपल्या मुक्तीचा पाया आहे.

परंतु बाबासाहेब त्या स्त्रियांशी स्वतः बोलले. तुम्ही आमच्या आहात, सन्मानाने आमच्यात या, हे सांगण्यासाठी त्यांनी सभा घेतली. पोलिसांची गाडी पाठवली नाही. धंदा सोडणे हा त्या स्त्रीचा निर्णय असावा आणि तो घेण्याचे बळ तिला समाजाने द्यावे, ही मुक्तीची वाट आहे. धंदा बंद करून तिला रस्त्यावर टाकणे आणि वर संस्कृती वाचवल्याचा टेंभा मिरवणे, ही सनातन्यांची वाट आहे. तमाशात नाचणाऱ्या कोल्हाटी आईचा मुलगा किशोर शांताबाई काळे शिकून डॉक्टर झाला आणि त्याने 'कोल्हाट्याचं पोर' लिहिले. त्याला त्या जीवनातून बाहेर काढले ते शिक्षणाने, बंदीच्या कायद्याने नव्हे. डान्सबार बंद करताना सरकारने किती मुलींना शिष्यवृत्ती दिली, किती कुटुंबांना जमीन किंवा घर दिले, हा प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता आणि आजही विचारला पाहिजे.

बारमधून ही बाई हाकलली गेली. आता ज्या जागेवर नवे क्लब उभे राहिले त्या जागेचाही इतिहास पाहू. मुंबईच्या 'नाईट लाइफ'चा मोठा भाग परळ, लोअर परळच्या गिरणीपट्ट्यात आहे. या गिरण्यांत आपले बापजादे राबले. तेव्हाही तेथे एक दार त्यांना बंद होते. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्याला तेथे प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमांनुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीला लागू झाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग आणि डिस्कोथेक आले होते. लाखाहून अधिक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी घरासाठी अर्ज केले. त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला वाट पाहणेच आले. विणकाम खात्याचे दार विटाळाने बंद होते, आजच्या क्लबचे दार प्रवेश शुल्काने, बुटांनी आणि इंग्रजीने बंद आहे. आतमध्ये आपली पोरे असतात, पण बहुधा बाउन्सर म्हणून, भांडी घासायला, शौचालय धुवायला.

आणि आग लागते तेव्हा कोणाचा जीव जातो? १८ डिसेंबर २०१७ रोजी साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणच्या दुकानात आग लागून १२ कामगार मेले. त्यानंतर ११ दिवसांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातील 'वन अबव्ह' आणि 'मोजोस बिस्त्रो' येथे आग लागून १४ जणांचा बळी गेला. ते जीवही अनमोलच होते. पण देशभरातील वाहिन्या कमला मिलवर दिवसेंदिवस बोलत राहिल्या आणि फरसाण तळणारे १२ मजूर लवकरच विस्मरणात गेले. मरणातही वरची रात्र आणि खालची रात्र वेगळी.

शेजारच्या गोव्यात ६ डिसेंबर २०२५ ला, आपण महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन करून चैत्यभूमीवरून परतत असताना, हडफडे येथील 'बर्च बाय रोमिओ लेन' या नाइटक्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि २५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील २० जण क्लबचे कर्मचारी होते. परराज्यांतून आणि नेपाळमधून आलेली ही गरीब माणसे होती. त्यांतली अनेक जण तळघरातील स्वयंपाकघरात धुराने गुदमरून मेली. पंचायतीने हे बांधकाम पाडण्याचा आदेश आधीच दिला होता आणि वरच्या कार्यालयाने त्याला स्थगिती दिली होती, हे माणसे मेल्यावर उघड झाले. मालकांना काही तासांत थायलंडचे विमान मिळाले; पुढे त्यांना परत आणावे लागले. स्वयंपाकघरातल्या पोरांना मात्र तळघरातून वर येण्याचा जिना मिळाला नाही. बारबालेच्या अंगावरील कपडे मोजणारी शासनव्यवस्था नाइटक्लबची दारे मोजत नाही. नीतीवर पहारा आणि जीविताकडे डोळेझाक, असे तिचे धोरण आहे.

म्हणून आपल्या चळवळीने या प्रश्नावर मोघम भूमिका घेऊन चालणार नाही. पाश्चात्त्य संस्कृती आली म्हणून गळा काढणे हे संस्कृतीच्या ठेकेदारांचे काम आहे, ते त्यांनाच लखलाभ. आपल्या मागण्या कामगाराच्या आणि नागरिकाच्या असल्या पाहिजेत. पहिली, रात्रीच्या नाचासाठी एकच घड्याळ हवे. पबला दीड आणि बारला साडेअकरा हा भेद चालणार नाही. दुसरी, पब, क्लब, बार येथील प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा मिळाला पाहिजे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलेला संरक्षण आणि घरापर्यंतचे वाहन देणे मालकावर बंधनकारक केले आहे, त्याची तपासणी कोण करतो हे कामगार खात्याने जाहीर करावे. तिसरी, अग्निशमन दलाने ग्राहकांच्या दाराबरोबर स्वयंपाकघराचे आणि तळघराचे दारही तपासावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींच्या मुलींसाठी वसतिगृहे आणि उच्च शिक्षणापर्यंतची शिष्यवृत्ती हवी, म्हणजे नाचायचे की नाही हे जात ठरवणार नाही, ती मुलगी ठरवील.

राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही, असा इशारा बाबासाहेबांनी घटना समितीत दिला होता. ती सामाजिक लोकशाही दिवसाच्या बारा तासांपुरती असू शकत नाही. तिने रात्रीही जागे असले पाहिजे आणि तळघरातल्या स्वयंपाकघरापर्यंत उतरले पाहिजे. जयभीम.