घाईची माया

दिवाळीच्या साफसफाईचा झपाटा एकदा अंगात आला, की माणसाला थांबायचं भान राहत नाही. माझ्या हातून एक जीव गेला तो याच झपाट्यात.

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तिथं आमच्या एका स्नेह्यांचा लहानसा कारखाना आहे. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी तिथं गेलो, तेव्हा कचेरीची झाडलोट चालली होती. कोपऱ्यात एक काचपेटी होती. कुणा हौशी कारकुनानं ती आणली, तो नोकरी सोडून गेला आणि पेटी मागं राहिली. आत हिरवट पाणी आणि दोन गोल्डफिश. शिपायाला आठवण झाली तर चिमूटभर खाणं पडे, न झाली तर उपास!

माझा नि माशांचा संबंध एवढाच, की मुंबईचं १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय मी लहानपणी पाहिलं होतं. तरी मी बाह्या सरसावल्या. मासे बादलीत काढले, काच घासली, खडी धुतली, गाळणीचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळला आणि पेटी ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली. पाणी कसं, आरशासारखं! स्नेही खूष, मी त्याहून खूष. संध्याकाळी पणत्या लावायच्या वेळी एक मासा उलटा तरंगत होता.

मग जाणत्यांना विचारलं, पुस्तकं चाळली, तेव्हा उमगलं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी. स्पंजावर नि खडीवर राहणारे सूक्ष्म जंतू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. हे जंतू जमायला चार-सहा आठवडे लागतात. मी त्यांना पाच मिनिटांत मोरीत घालवलं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले भाजतो, तो वेगळाच. शिवाय महिनोन्‌महिने साचलेलं पाणी आम्ल होत जातं आणि मासा त्याला कसाबसा सरावतो. ते सारंच्या सारं एकदम पालटलं, की त्याला धक्का बसतो.

दुसरा मासा वाचला. त्याला घरी आणलं आणि यावेळी घाई केली नाही. रोज दशांशच पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं आणि पेटीतल्या पाण्याइतक्याच उष्णतेचं. सोबत दुकानात मिळणाऱ्या अँटीक्लोरीनचे थेंब. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं कुजतं नि पुन्हा अमोनिया वाढतो. महिन्या-दीड महिन्यानं मासा सावरला. तेव्हापासून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो.

सोलापूरचा उन्हाळा तर ठाऊकच आहे. पाणी तापलं, की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. आपल्याला वाटतं, खायला मागतोय! पेटी उन्हापासून दूर ठेवावी आणि बुडबुड्यांचा पंप चालू ठेवावा. काचेच्या गोल भांड्याचा मोह तर टाळावाच. एका गोल्डफिशला निदान ७५ लिटर पाणी हवं. नीट सांभाळला, तर तो दहा वर्षांहून अधिक जगतो.

आता दिवाळी पुन्हा आली आहे. परवा सौ.नं हातात फडकं घेऊन पेटीकडं पाहिलं नि म्हणाली, "ही पण घासून काढू या का लख्ख?"

मी जवळजवळ ओरडलोच, "अगं, नको! तिचा वार रविवार. तेव्हा चौथा हिस्सा बदलू."

ती हसली. फडकं घेऊन खिडकीकडं वळली. आतला सोनेरी गृहस्थ शेपटी हलवीत शांतपणे खडी चाळत होता.