करून खा म्हणे!

रविवारच्या पुरवण्यांतून हल्ली एक नवा धर्मोपदेश सुरू झालाय. हॉटेलात चांगलं आम्लेट मिळत नाही. तेलकट असतं, चिवट असतं, कांदा कच्चा राहतो, तव्याला कालचा वास असतो. तेव्हा वाचकहो, घरीच करा. चांगला पॅन आणा, आच मंद ठेवा, वरून चीज किसा. खाली फोटो. फोटोत पांढराशुभ्र ओटा, ओट्यावर पुदिन्याची कुंडी, आणि मागच्या खिडकीत एकही माणूस न दिसणारं आकाश.

आता आम्लेटाबद्दल ही मंडळी जे म्हणतात ते काही खोटं नाही. हॉटेलातलं आम्लेट बहुतेक वेळा भिकारच असतं. तिथं माझं भांडण नाही. माझं भांडण 'घरी' या शब्दाशी आहे. कुणाच्या घरी, बाप्पा?

या मुंबईत तुझ्यामाझ्यासारखी पोरं घरात राहत नाहीत, कॉटवर राहतात. सहा बाय अडीच. खोली बघायला गेलं की पहिला सवाल आडनावाचा. आडनावावरून छडा लागला नाही तर दुसरा सवाल : नॉनव्हेज खाता का? हा सवाल जेवणाचा नाही. तोही आडनावाचाच आहे, फक्त कोर्टात सापडणार नाही अशा बेतानं विचारलेला. खातो म्हणालास तर खोली कालच गेली. नाही म्हणालास तर पुढची अट : अंडंसुद्धा चालणार नाही हां.

माझा एक दोस्त उपनगरात असा राहतो. बँकेत नोकरी, महिन्याचं भाडं एक तारखेला रोख. रविवारी सकाळी मालकीण देवळात गेली की हा खिडकी लावतो, दाराच्या फटीत टॉवेल कोंबतो, उदबत्ती पेटवतो आणि विजेच्या शेगडीवर दोन अंड्यांचं आम्लेट टाकतो. बॉम्ब बनवायला यापेक्षा कमी तयारी लागत असेल. खाऊन झाल्यावर टरफलं पेपरात गुंडाळायची, ती पुडी ऑफिसच्या बॅगेत, आणि सोमवारी ती बॅग खांद्याला लावून चार नाके पलीकडच्या कचराकुंडीपर्यंत जायचं. शाळेत आपल्याला टिळकांची गोष्ट घोकायला लावली होती. शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफलं उचलली नाहीत! बाणेदारपणा! आमचा दोस्त स्वतःच्या पैशानं खातो, स्वतःच टरफलं उचलतो, आणि वर चोरासारखा जिना उतरतो. त्याचा धडा कुठल्या इयत्तेत लावणार?

तर ज्याला चूल नाही त्याला 'करून खा' सांगणं म्हणजे ज्याला विहीर बंद आहे त्याला 'पाणी उकळून प्या' सांगणं.

मग तो बाहेर पडतो. नाक्यावर उडप्याचं हॉटेल. पाटीवर लिहिलेलं असतं 'शुद्ध'. आत मेनूत चक्क आम्लेट! मागवलं की येतं टोमॅटो आम्लेट. म्हणजे बेसनाचं धिरडं. अंड्याचा पत्ता नाही. च्यायला, आम्हाला शिवायचं नाही पण आमच्या पदार्थाचं नाव तेवढं उचलायचं! धिरड्याला धिरडं म्हणा, ते चांगलंच लागतं, माझी आजी ज्वारीच्या पिठाचं करायची. पण अंडं बाहेर ठेवून आम्लेट विकायचं, ही या संस्कृतीची जुनी खोड आहे. बुद्धाला बाहेर काढून तिनं त्याला अवतार करून ठेवलाच की.

त्याहून वरचं एसी हॉटेल. तिथं अंडं मिळतं, आणि बिल आलं की आपण आम्लेट खाल्लं की कोंबडी दत्तक घेतली ते कळत नाही. येतं ते थंडगार, घडी घातलेल्या रुमालासारखं. कारण उघड आहे. आत करून ठेवतात, मग बशी, मग सजावट, मग वेटर. आम्लेट थांबत नाही, दोस्ता. तव्यावरून उतरल्यावर दोन मिनिटांत खाल्लं नाही तर त्याचं रबर होतं.

इराणी ही वेगळी जात. म्हणजे जात नाही, म्हणून वेगळी. सांगतात की कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार ती घेत नसत, आणि इराणातून आलेल्या या लोकांनी नेमके कोपरे पकडले. धोबी तलावचं कयानी १९०४ सालचं. त्या अशुभ कोपऱ्यावर गिरणीवाला, टॅक्सीवाला, कवी, दलाल सगळे एकाच संगमरवरी टेबलाला कोपर टेकून बसले. इराण्याला आमच्या आडनावातलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची त्याला गरजही नव्हती. डबल आम्लेट, ब्रून, चहा. एका चहावर दोन तास बसून जगाची मापं काढा, कोण हटकत नव्हतं. शेकड्यांनी होते हे इराणी, आता शोधावे लागतात. जुन्या हॉटेलांबद्दल गळा काढणारे लोक लाकडी खुर्च्यांबद्दल रडतात. मला खुर्ची नको आहे. मला ते न विचारणं हवंय.

कारण गावात विचारत होते. विचारत नव्हते, ठाऊकच होतं. वळचणीला खोचलेली कानतुटकी कपबशी, ती आपली; स्वतः काढायची, स्वतः धुवायची, परत तिथंच खोचायची. म्हणून तर राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं असे शब्द घालावे लागले. आणि १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, चौथ्या कलमात हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा लिहावा लागला. जगात किती देशांना कपबशीसाठी कायदा करावा लागला असेल?

आता कपबशी वळचणीला नसते. आता टेबल वेगळं असतं. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली. ज्या आवारात आरक्षणाच्या नावानं बोटं मोडली जातात, तिथं टेबलांना आरक्षण! पोरांनी त्या टेबलांवर बसून मांसाहार करून निषेध केला तर १०,००० रुपये दंड. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, राजकोट, बडोदा, अहमदाबाद इथं मुख्य रस्त्यांवरून अंड्यांच्या गाड्या हटवायची मोहीम निघाली. अहमदाबादच्या गाडीवाल्यांनी हायकोर्ट गाठलं आणि डिसेंबरात कोर्टानं महापालिकेला झापलं : लोकांनी काय खायचं हे तुम्ही कोण ठरवणार? बरं झालं. पण आपल्या महाराष्ट्राची, फुले-शाहू-आंबेडकरांच्या वगैरे वगैरे महाराष्ट्राची गोष्ट ऐका. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं मंजूर केलं. आठवड्याला एक! जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले. द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. तामिळनाडूत पोरांना आठवड्याला पाच अंडी २०१० सालापासून ठरलेली. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ती झेडपीच्या शाळेतल्या पोराच्या पोटात गेली तर कुणाचा धर्म बुडतो, त्याचं नाव एकदा जाहीर करा.

राहिली गाडी. स्टेशनबाहेर, रात्री दहानंतर, गॅसबत्तीच्या जागी आता पांढरा दिवा. आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, या शहरातलं सगळ्यात चांगलं आम्लेट तिथं आहे. उगाच गरिबीचं कौतुक म्हणून नाही सांगत. कारण आहे. त्याचा तवा बिडाचा, जाड. संध्याकाळपासून तापलेला. शेकडो आम्लेटांचं तेल पिऊन त्याचं अंग असं काळं गुळगुळीत झालेलं असतं की अंडं चिकटायची हिंमत करत नाही. तो स्टीलच्या पेल्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ आधी घालतो, मग अंडी फोडतो, मग चमच्यानं खडखड खडखड. त्या आवाजानं फलाटावरचा माणूस वळतो. ओतलं, फुगलं, उलटलं, त्यावरच पाव दाबला, आणि कागदावर तुमच्या हातात. मधे कुणी नाही.

आणि गाडीवर येतं कोण? बघा कधी. अर्धी गर्दी शुद्ध घरांतली. गळ्यात माळ, बोटात पुष्कराज. "घरी चालत नाही ना भाऊ, बाहेर चालतं." म्हणजे घर यांचं पवित्र राहणार, आणि विटाळाला जागा म्हणून आमचा रस्ता! सकाळी हेच सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाक धरतात आणि गाडीविरुद्ध अर्जावर सही करतात. मग मुन्सिपाल्टीची गाडी येते. तवा, शेगडी, अंड्यांचे ट्रे सगळं उचलून टाकते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे, तो त्या गाडीच्या ड्रायव्हरला कुणी वाचून दाखवलेला नाही.

पण नुसतं त्यांनाच शिव्या देऊन भागत नाही. आपल्यातले साहेब झालेले भाऊ बघा. फ्लॅट घेतला तो 'शुद्ध' सोसायटीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये, हॉलमध्ये निसर्गचित्र. गावाकडनं आई आली, तिनं सकाळी अंडं मागितलं, तर तिला म्हणतात, आई हळू बोल. ज्या घरात स्वतःच्या आईला अंड्याचं नाव मोठ्यानं घेता येत नाही, ते घर तुझ्या नावावर असेल भाऊ, तुझं नाही.

आणि आपल्या चळवळीतले वाघ? रात्री बारापर्यंत समतेवर बोलतात. घरी जाऊन बायकोला उठवतात : काही नाही, दोन अंड्यांचं टाक. 'घरचं आम्लेट चांगलं' म्हणणाऱ्या पुरुषाला विचारा, तुझ्या घरी मीठ कुठल्या डब्यात असतं.

मला वाटेल तिथं बसून खाता आलं पाहिजे आणि माझ्या खोलीत माझ्या हातानं करताही आलं पाहिजे. दोन्ही. यातलं एक घे, दुसरं सोड, असला सौदा नको. आणि तिसरंही पाहिजे : आपलं हॉटेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. शिवलेला चहा कोण पिणार म्हणून गाव टाळत होतं, तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, बरोबरच्या बड्यांना प्यायला लावला. महाराज १९२२ साली गेले. त्यानंतर शंभर वर्षं उलटली. आपल्या किती पोरांनी गल्ला मांडला, आणि मांडला तर पाटीवर स्वतःचं आडनाव लिहायची सोय किती जणांना आहे?

मागच्या अंकाच्या घड्या घालायला बसलो तेव्हा कुणीतरी टोमॅटो आम्लेट मागवलं होतं. या वेळी तसं होणार नाही. पुढच्या अंकाच्या बैठकीला प्रत्येकानं दोन अंडी आणि दोन पाव आणायचे. तवा बिडाचा आहे, माझ्याकडे. नवीन होता तेव्हा तीन दिवस तेल लावून तापवला, आता चिकटत नाही. दूध घालायचं नाही, पाणी सुटतं. कांदा बारीक, मिरची त्याहून बारीक, हळद चिमूटभर. तवा चांगला तापू द्यायचा, अंडं पडलं की आच कमी करायची, कडा सुटल्या की उलटायचं. खिडकी उघडी ठेवायची. कांदा चिरायला कुणाच्या बहिणीला हाक मारायची नाही.